सुनेची फाइल

९ जानेवारी

आई,

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि माझ्या वकीलबाईंनी मला फोनवर काहीही लिहायला बंदी केली आहे. नवऱ्याला नाही, मैत्रिणीला नाही, कोणालाच मेसेज पाठवायचा नाही. फारच राग आला तर उशीत तोंड खुपसायचं म्हणे. मोबाइलमधलं सगळं कोर्टात येतं. म्हणून कागद घेतला. शाळा सुटल्यापासून मी एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नका.

तुमच्या मुलाने सांगितलंच असेल. घटस्फोटाला आमची दोघांचीही हरकत नाही. मारझोड नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. लोक कारण विचारतात तेव्हा मला सांगायला काहीच नसतं, अगदी ओशाळल्यासारखं होतं. एकमेकांचा आवाज नकोसा झाला, एवढंच. भांडीकुंडी, कपाट, पंखे सगळं एका दुपारी वाटून झालं. राहिली तुमची नात, गुंडी. ती दोघांनाही हवी आहे, म्हणून कोर्ट.

सध्या ती माझ्याकडे आहे. रविवारी दहाला तो येतो आणि पाचला आणून सोडतो. तो वर येत नाही, मी खाली जात नाही. मधले दोन जिने ती एकटी उतरते. परवा उतरताना मध्येच बसली आणि बसूनच राहिली. मी वरून हाक मारली नाही, त्यानेही खालून मारली नाही. दोघंही वाट बघत होतो की दुसरा आधी बोलेल. शेवटी खालच्या दुकानातल्या शिंपीणकाकू कपड्यांचा गठ्ठा घेऊन वर येत होत्या, त्यांनी तिला हाताला धरून खाली नेलं.

माझं काम तुम्हाला माहीतच आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कवळ्या करायच्या. सहाला सुटते. शाळा सुटल्यापासून सव्वासहापर्यंत गुंडी काकूंकडे असते, शिलाई मशिनखाली बसून चिंध्यांशी खेळते. वकीलबाई म्हणतात, हीच आपली कच्ची बाजू आहे. घरी कोणी नाही.

माझी आई असती तर तिला लिहिलं असतं. ती नाही म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्ही त्याच्या आई आहात हे मला कळतं. उत्तर नाही दिलंत तरी मी रागावणार नाही.

तुमची सून, अजून तरी


१७ जानेवारी

सूनबाई,

तुझं पत्र चौदाला मिळालं. वर 'प्राप्त' लिहून तारीख टाकली, सही केली. हस तू खुशाल. इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं हेच केलं, हाताला दुसरं वळण नाही. तुझ्या नावाने एक निळी फाइल उघडली आहे आणि पानांना नंबर टाकले आहेत. पान एक ते तीन.

मी त्याची आई आणि तुझी सासू. या वयात मला दोन खुर्च्यांवर बसायला सांगते आहेस. बसते, पण दोन्हींवर सारखीच अवघडणार. त्याचं चुकलं असं माझ्या तोंडून तुला ऐकायला मिळणार नाही आणि तुझं चुकलं असं त्याला ऐकायला मिळणार नाही. एवढं कबूल असेल तर लिहीत जा.

आणि लिहायचं तर नीट लिही. 'सगळं ठीक' असलं पत्र मला नको, त्यासाठी तिकीट वाया घालवू नकोस. जे उशीत बोलायचं ते मला लिही. एकतीस वर्षं मी लोकांची आजारपणं वाचली आहेत, मी कशाला घाबरत नाही.

गुंडी जिन्यात बसली तेव्हा तुम्ही दोघांनी हाक मारायला हवी होती. आता बोलून काय उपयोग म्हणा. पुढच्या वेळी मार.

आई


२ मार्च

आई,

गेल्या सहा पत्रांत मी तुमचं डोकं खाल्लंच आहे, आज जरा जास्त खाणार आहे. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

मंगळवारी सव्वासहाला मी काकूंकडून गुंडीला घेतलं. सकाळपासून एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी तिसऱ्यांदा परत आली होती, डॉक्टर माझ्या साहेबांवर आणि साहेब माझ्यावर ओरडले होते. घरी आल्यावर गुंडीने बूट काढायला नकार दिला. बूट घालून ती पलंगावर बसली आणि म्हणाली, बाबा येईपर्यंत मी काढणार नाही. मी समजावलं, लाडीगोडी लावली, मग ओरडले. ती किंचाळायला लागली. पाऊण तास चाललं ते. अंडं गार झालं, दूध सांडलं. आणि मग आई, मी उठले, दार बाहेरून लावलं आणि खाली जाऊन दुकानाच्या पायरीवर बसले.

वीस मिनिटं. कदाचित जास्तच. वर तिचा आवाज येत होता आणि मी रस्त्यावरची माणसं बघत होते. काकूंनी विचारलं काय झालं, मी म्हटलं, चावी विसरले. मग आवाज बंद झाला. मी धावत वर गेले. ती दाराला टेकून झोपली होती, पायांत बूट तसेच. दार उघडताना ती आतल्या बाजूला कलंडली.

मी तिचे बूट काढले. ती जागी झाली नाही. मला त्या वेळी काय वाटलं तेही लिहिते. वाटलं, हिला त्याच्याकडेच देऊन टाकावं आणि मी नुसतं झोपावं. एक महिना झोपावं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी उठली आणि तिच्या चमच्याचं भांडण माझ्या चमच्याशी लावून दिलं, जणू काही झालंच नाही. मला ते जास्त लागलं.

मी कसली आई आहे, सांगा.

सून


११ मार्च

सूनबाई,

तू आई आहेस आणि दमलेली आहेस. दोन्ही एकाच वेळी असतं, त्यात नवल नाही.

आता माझं ऐक. तुझा नवरा चार वर्षांचा होता. त्याला सांभाळणारी बाई आली नाही म्हणून मी त्याला कामावर घेऊन गेले. रेकॉर्ड रूममध्ये एका रॅकच्या खालच्या कप्प्यात बसवलं, हातात रंगीत पेन्सिल दिली. साहेबांनी वर बोलावलं. सवयीने मी दार ओढून कुलूप घातलं आणि गेले. वर काम निघालं, मग दुसरं निघालं, आणि तो खाली आहे हे मी साफ विसरले. सव्वा तास. आले तेव्हा तो कप्प्यात पाय वर घेऊन बसला होता. रडत नव्हता, रडून झालं होतं. चड्डी ओली होती. हे मी तुझ्या सासऱ्यांनाही कधी सांगितलं नाही. आज तुला लिहिलं. तेव्हा कसली आई म्हणून विचारू नकोस.

आता दुसरी गोष्ट, जी तुला आवडणार नाही. आमचे चिरंजीव बदली घेऊन इथे आले आहेत. लिफ्टची तपासणी काय, कुठेही करता येते. मागची खोली त्याला दिली. शनिवारी त्याचा वकील एक प्रतिज्ञापत्र घेऊन आला. त्यात लिहिलं होतं की मी निवृत्त आहे, दिवसभर घरी असते, प्रकृती ठीक आहे आणि नातीला सांभाळायची माझी तयारी आहे. मी दोनदा वाचलं. चारांतलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी सही केली.

तुझ्यापासून लपवायचं नव्हतं म्हणून लिहिलं.

आई


३ मे

आई,

मार्चच्या पत्रानंतर मी पंधरा दिवस रुसले होते. मग एप्रिलमध्ये तुम्हाला भरमसाट लिहिलं, कारण तुमच्यावर रुसून बसले तर लिहायला दुसरं माणूस नाही. तुम्ही सही केलीत ते मला समजलं असं म्हणणार नाही. चारही वाक्यं खरी आहेत, आणि त्या चारांपुढे माझ्याकडे एकही नाही, हे मात्र समजलं.

कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी गुंडीला बोलावलं होतं. भिंतींवर ससे काढलेली खोली होती. मला बाहेर बसवलं. नंतर त्यांनी सांगितलं की गुंडीला विचारलं, तुला कुठे राहायला आवडेल. गुंडी म्हणाली, मला दोन्हीकडे पोट दुखतं. बाईंनी ते तसंच लिहून घेतलं. मी हसायला लागले आणि मला ते थांबवताच येईना. बाईंनी तेही लिहून घेतलं असेल.

तिला खरंच पोट दुखतं. शनिवारी संध्याकाळी सुरू होतं, सोमवारी सकाळी थांबतं. डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले. मी गरम पाण्याची पिशवी देते आणि शेजारी पडून राहते. शनिवारी मला काहीच करता येत नाही, आई, मी नुसती तिच्या पोटावर हात ठेवून असते.

एक मागणं आहे. कधी काही मागितलं नाही, आज मागते. कोर्टाला तुमच्या हाताने एक कागद लिहून द्या. मी गुंडीला नीट सांभाळते एवढंच. मुलाविरुद्ध एक अक्षर नको. तुम्ही मला आठ वर्षं पाहिलंय. त्याच्या आईनेच लिहिलं तर न्यायाधीश मानतील, असं वकीलबाई म्हणतात. तारीख दोन आठवड्यांनी आहे.

सून


१५ मे

सूनबाई,

तुझं मागणं वाचलं आणि चार दिवस विचार केला. तू मागितलंस त्यापेक्षा चांगलं काम करून बसले आहे.

रेकॉर्डमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवायचे. नंतर आठवून लिहिलेल्या कागदाला काडीची किंमत नसते. कोर्टात डॉक्टर उभे राहायचे, मी अमुक केलं, तमुक केलं म्हणायचे, आणि न्यायाधीश विचारायचे, त्या दिवशीची नोंद दाखवा. नोंद असली की विषय संपला. मी आज बसून लिहिलं की माझी सून गुणाची आहे, तर समोरचा म्हणेल, सासूला सुनेने पढवलं. पण तुझी पत्रं त्या त्या दिवशीची आहेत. त्यात तू कोणाला दाखवायला म्हणून काही लिहिलेलं नाहीस. गुंडीचं पोट, गुंडीचे बूट, गुंडीचा चमचा. ज्याला वाचता येतं त्याला कळेल ही बाई कशी आहे.

सोमवारी चिरंजीवांचा वकील आला तेव्हा मी त्याला अख्खी फाइल दिली. सोळा पत्रं, पान एक ते त्रेचाळीस, वर यादी, प्रत्येकावर प्राप्तीची तारीख. त्याला बजावलं की एकही पान काढायचं नाही, जशीच्या तशी न्यायाधीशांपुढे ठेवायची. दोन मार्चचं पत्र काढावं का असं एकदा मनात आलं, पण पान काढलेल्या फाइलवर कोणी विश्वास ठेवत नाही. त्यातही तू खरंच बोलली आहेस. वकिलाने फाइल दोन्ही हातांनी घेतली आणि मला आजी म्हणाला. चहा न घेताच निघाला.

आता निर्धास्त राहा. मी आयुष्यभर फायली सांभाळल्या, त्यांतली एक तरी घरच्या कामाला आली.

आई


२८ मे

आई,

त्या वकिलाने दोनच पानं कोर्टात लावली. दोन मार्चची.

वकील उभा राहिला आणि त्याने वाचून दाखवलं. 'हिला त्याच्याकडेच देऊन टाकावं आणि मी नुसतं झोपावं.' माझंच वाक्य, माझ्याच चुका. मग ते पान वर धरून म्हणाला, अक्षर अर्जदाराचं आहे. तुमचा मुलगा खिडकीबाहेर बघत होता. मी उभी होते, मला बसायला सांगितलं तरी बसता येईना. वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना या पत्रांबद्दल कधी बोललेच नव्हते. फोनवर लिहू नका असं त्यांनी बजावलं होतं, कागदावर लिहू नका असं बजावायचं त्यांना सुचलंही नसेल. बाहेर आल्यावर त्या मला रागावल्या नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

तुम्ही असं का केलंत? मी एक कागद मागितला होता, एक.

सून


५ जून

सूनबाई,

तुझं पत्र मिळालं. 

मी वकिलाकडे गेले, एकटी, दोन बस बदलून. त्याच्या कार्यालयात बाहेरच्या बाकावर दीड तास बसवलं. मग आत बोलावून म्हणाला, आजी, बाकीच्या पानांची आपल्याला गरज नाही. मी म्हटलं, तुम्हाला नसेल, फाइलला आहे. तो हसला. पुढे तो बरंच काही म्हणाला, पण टेबलाकडे बघून बोलत होता, त्यामुळे मला ऐकू आलं नाही.

चिरंजीवांना विचारलं. ते ताटात बघत म्हणाले, आई, हे वकील लोक करतात, मी काय सांगू. त्याला वाईट वाटलं नसेल असं नाही. त्यालाही पोरगी हवी आहे, आणि रविवारी संध्याकाळी तो रिकाम्या हाताने परत यायचा तेव्हा त्याचं तोंड मला बघवायचं नाही. हे तुला लिहू नये, पण लिहिते.

आता घाबरून चालणार नाही. वकीलबाईंना सांग, अख्खी फाइल मागवा. दोन पानं दाखवली की उरलेली लपवता येत नाहीत, एवढं मलाही कळतं. त्रेचाळीस पानं आहेत म्हणून सांग, माझी यादी आहे, एक जरी कमी निघालं तर मी कोर्टात येऊन उभी राहीन. एकदा न्यायाधीशांनी पूर्ण वाचली की बघ.

आई


२ सप्टेंबर

आई,

तीन महिने लिहिलं नाही. तुमची पाच पत्रं आली, वाचली.

वकीलबाईंनी अर्ज केला आणि अख्खी फाइल आली. त्रेचाळीस पानं, एकही कमी नाही. न्यायाधीशांनी ती घरी नेऊन वाचली. खरंच वाचली, आई. त्यांना जिना माहीत होता, काकूंचं दुकान माहीत होतं, पोटदुखी शनिवारी सुरू होते हेही माहीत होतं. म्हातारे, शांत गृहस्थ आहेत. मला म्हणाले, बाई, तुमचं प्रेम या पानापानावर आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी मनात म्हटलं, आईंचं बरोबर होतं.

मग ते म्हणाले, पण सोळा पत्रांत मला एकही सोपा दिवस सापडला नाही. तुम्ही थकलेल्या आहात, हे दुसरं कोणी म्हणत नाही, तुम्हीच म्हणता. मुलीला अशा घरी ठेवावं जिथे दिवसभर माणूस आहे आणि तुम्हालाही थोडा विसावा मिळेल. गुंडीचा ताबा त्याला. मला महिन्यातले दोन रविवार, दहा ते पाच.

विसावा म्हणाले ते. मला त्यांचा रागही येत नाही.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच चाललंय. सोपे दिवस होते हो. पुष्कळ होते. एका शनिवारी तिला मी कामावर नेलं होतं, तिने शेल्फवरच्या सगळ्या कवळ्यांना नावं दिली आणि त्यांची शाळा भरवली. एकदा आम्ही दोघींनी सुट्टी मारली, खोटं आजारपण काढून, आणि दिवसभर पलंगाखाली घर करून राहिलो. ती रोज मला जिन्याच्या पायऱ्या मोजून दाखवायची आणि दरवेळी आकडा वेगळा यायचा. यातलं मी तुम्हाला काहीच लिहिलं नाही. ज्या दिवशी सगळं छान असतं त्या दिवशी पेन कोण हातात घेतं? मी फक्त बुडायला लागले की तुम्हाला लिहायचे. तुम्हीच म्हणाला होतात, ठीक असलं तर तिकीट वाया घालवू नकोस.

आणखी एक सांगते, कारण तुम्हाला कळायला हवं. वकीलबाईंनी विचारलं होतं, आजीची पत्रं तुमच्याकडे आहेत का? त्यांत काही सापडलं तर आजीचं प्रतिज्ञापत्र ढिलं पाडता येईल. माझ्या कपाटात तुमचं अकरा मार्चचं पत्र होतं, रेकॉर्ड रूमच्या कुलपाचं. मी म्हटलं, मी पत्रं ठेवत नाही, वाचून फाडून टाकते.

गुंडीची बॅग मी रविवारी भरली. तिने विचारलं, किती दिवसांची? मी बॅगेत कपडे भरत राहिले.

एकच विचारायचं आहे. तुम्ही एकतीस वर्षं फायली कोर्टात पाठवल्यात. फाइलचं तिथे काय होतं हे माझ्यापेक्षा, वकीलबाईंपेक्षाही तुम्हाला जास्त माहीत. आई, तुम्हाला गुंडी हवी होती का? जे असेल ते खरं लिहा.

सून


११ सप्टेंबर

सूनबाई,

हो.

तुझा प्रश्न वाचल्यावर पहिल्यांदा मी 'नाही' लिहिलं होतं, मोठं पत्र लिहिलं होतं. ते फाडलं. तू माझं पत्र कपाटात ठेवून फाडलं म्हणालीस आणि मी तुला खोटं लिहू, हे मला जमलं नाही.

घर रिकामं आहे गं. निवृत्त झाल्याला नऊ वर्षं झाली, तुझे सासरे जाऊन सहा. दिवसभर मी कपाटं आवरते आणि पुन्हा आवरते. ते प्रतिज्ञापत्र वाचताना 'नातीला सांभाळायची तयारी आहे' या वाक्याशी मी किती वेळ थांबले होते ते मी तुला तेव्हा लिहिलं नाही.

तुला फसवायचं म्हणून फाइल दिली नाही. हे मी कोणाचीही शपथ घेऊन सांगेन. तुझं भलं होईल असंच मला वाटत होतं. पण इस्पितळाच्या फाइलमध्ये माणूस बरा असतानाचा एकही कागद नसतो. ताप आला की नोंद, ताप उतरला की माणूस घरी. दहा वर्षं ठणठणीत असलेल्या माणसाची फाइल वाचली तरी तो जन्मभर आजारीच होता असं वाटतं. हे मला माहीत नव्हतं म्हणू? नव्या मुलींना मीच शिकवायचे. त्या सोमवारी मला ते आठवलं नाही, की मी आठवू दिलं नाही, हे मी स्वतःला रोज विचारते. उत्तर सापडत नाही. तू मला जे ठरवशील ते मला मान्य आहे.

मी चिरंजीवांना म्हटलं, पोरीला तिच्या आईकडे परत दे. तो म्हणाला, आई, कोर्टाने दिली आहे, आणि मी तिचा बाप आहे. मग म्हणाला, तूच सही केली होतीस.  तुझ्या वकीलबाईंना मी पत्र लिहिलं की माझं प्रतिज्ञापत्र मागे घ्यायचं आहे. त्यांचं उत्तर आलं. आता मागे घेऊन निकाल बदलत नाही, वर अपील करायचं तर दीड-दोन वर्षं, आणि तोवर मुलगी तिथे रुळली असं म्हणतील.

गुंडी जेवते, शाळेत जाते. शाळा जवळ आहे, मीच सोडते. हट्ट करत नाही, एकदाही किंचाळली नाही. सांगितलं की बूट काढते, सांगितलं की बसते. मला त्याची धास्ती वाटते. पोट आता सगळेच दिवस दुखतं. परवा भाजी निवडताना माझ्याजवळ येऊन बसली आणि तोंड समोर आणून सावकाश म्हणाली, मला ऐकू यावं म्हणून, आई माझ्यामुळे थकली म्हणून मला इथे आणलं ना? हे तिला कोणी सांगितलं, मला माहीत नाही. मी नाही म्हटलं, तीनदा म्हटलं. तिने मान डोलावली आणि शेंगा मोडायला लागली. तिला ते पटलेलं नाही.

संध्याकाळी पाचनंतर माझे गुडघे उभे राहू देत नाहीत. थकते मी. आता हे मी कोणाला लिहायचं?

तू लिही. शिव्या दे, पण लिही.

आई


२० सप्टेंबर

गुंडीच्या आजींना,

पत्र मिळालं. खरं लिहिलंत, त्याबद्दल आभारी आहे.

मी ठीक आहे. काम व्यवस्थित चाललं आहे. वेळेवर जेवते, झोप लागते. थकवा नाही, कसलाही त्रास नाही. यापुढे माझ्या पत्रांत एवढंच असेल.

गुंडीला सांगा की आईने विचारलं आहे आणि आई अजिबात थकलेली नाही. ती विचारेल तितक्या वेळा सांगा.

येत्या रविवारी पहिल्या बसने निघून दहाच्या आत पोचेन. तुमच्या दारापाशी तिला घेईन आणि पाचला तिथेच सोडीन. घरात येणार नाही. तिला घेऊन सात तास कुठे बसणार, म्हणून बसस्थानकासमोरच्या लॉजमध्ये एक खोली ठरवली आहे.

एक विनंती आहे. आठवडाभर तिचे केस तुम्ही विंचरा, वेणी घाला, कसेही बांधा. फक्त माझ्या रविवारच्या आधी शनिवारी तिला न्हाऊ घालू नका. फेस डोळ्यांत गेला की ती माझ्यावर ओरडते आणि मग टॉवेलमध्ये डोकं घालून बराच वेळ माझ्या मांडीवर बसते. तेवढं माझ्याकडे राहू द्या. खोलीत गरम पाणी येतं, मी विचारून घेतलं आहे.